सुरात सापडलेले घर : उस्ताद अब्दुल करीम खाँ

रमजानच्या पानावर एका गवयाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मुस्लिम वाचक म्हणेल, महिना तिलावतीचा आणि इबादतीचा, त्यात गाण्याचे काय काम? हिंदू वाचकाला वाटेल, अब्दुल करीम खाँ हे तर संगीतातले नाव, त्यांचा रोजांशी काय संबंध? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. संगीत जायज की नाजायज, हा वाद आलिमांमध्ये शेकडो वर्षे चालत आला आहे आणि तो या पानावर मिटणारा नाही. आज खाँसाहेबांकडे वळण्याचे कारण वेगळे आहे.

या महिन्यातल्या बयानांमध्ये एक शब्द वारंवार कानावर येतो, हुकूकुल इबाद. म्हणजे माणसांचे माणसांवर असलेले हक्क. नमाज कझा झाली, रोजा सुटला, तर तो बंदा आणि त्याचा रब यांच्यातला मामला असतो आणि तौबेचे दार उघडे असते. पण एखाद्या माणसाचा हक्क बुडवला, कुणाचे मन मोडले, तर नुसत्या सजद्यांनी तो हिशेब फिटत नाही. ज्याचे देणे आहे त्याच्याकडेच जावे लागते. ही गोष्ट ऐकायला सोपी आणि करायला फार अवघड. अब्दुल करीम खाँ यांचे आयुष्य पाहिले की ती किती अवघड आहे ते कळते. कारण हा माणूस अल्लाहचे नाव घेत गेला, सुराशी कधी बेइमान झाला नाही, आणि तरीही त्याच्या मागे माणसांचे हिशेब उरले.

सारंगीच्या घरातला मुलगा

उत्तर प्रदेशात यमुनेच्या जवळ कैराना नावाचे गाव आहे. पूर्वी ते मुजफ्फरनगर जिल्ह्यात होते, आता शामली जिल्ह्यात आहे. गाव लहान, पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या गाणारी, बीन आणि सारंगी वाजवणारी मुस्लिम घराणी राहत. त्यांपैकी एका घरात १८७२ साली अब्दुल करीम यांचा जन्म झाला. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम सुरू झाली. लहानपणीच सारंगी हातात आली. पुढे गळा हेच त्यांचे वाद्य झाले, पण सारंगी मनातून गेली नाही.

ही बाब त्यांचे मन समजायला महत्त्वाची आहे. सारंगीला पडदे नसतात. सतारीवर बोट पडद्याशी ठेवले की स्वराची जागा मिळते. सारंगीवर नखाच्या कडेने तार दाबून स्वर शोधावा लागतो, आणि केसभर इकडेतिकडे झाले तर तो बेसूर होतो. ज्याचे कान या वाद्यावर घडले, त्याला आयुष्यभर एकच काळजी लागून राहते : जागा बरोबर आहे का? मैफलीत बसल्यावर खाँसाहेब तंबोरे लावण्यात जो वेळ घालवत, त्यामागे हीच काळजी होती. शिष्य अवघडून बसत, श्रोते चुळबुळ करत, पण तारा मनासारख्या मिळाल्याशिवाय गाणे सुरू होत नसे.

त्या काळी सारंगिया म्हटला की समाजात त्याचे स्थान खालचे. तो गाणाऱ्याच्या मागे बसायचा. त्या घरातल्या मुलाला पुढे बसून गायचे होते. ही ईर्षा आणि त्यासोबत येणारा हळवा अभिमान, दोन्ही अब्दुल करीम खाँ यांच्यात शेवटपर्यंत दिसतात. त्यांच्या प्रसिद्ध छायाचित्रात डोक्यावर फेटा, अंगात लांब कोट, छातीवर पदके आणि झोकदार मिशा आहेत. गाण्यात इतका हळुवार असलेला माणूस छायाचित्रात सरदारासारखा बसलेला आहे. मागच्या रांगेतून पुढे आलेल्या माणसाला आपली जागा डोळ्यांना दिसेल अशी मांडून दाखवावीशी वाटते, असे मला ते छायाचित्र पाहताना वाटते.

बडोदे : एक घर सोडले, दुसरे मांडले

तरुणपणी धाकटे बंधू अब्दुल हक यांच्यासह ते फिरत फिरत बडोद्याला पोचले. सयाजीराव गायकवाडांचा तो काळ. दोघा भावांच्या गाण्याने दरबार खूश झाला आणि त्यांना आश्रय मिळाला. तिथे राजघराण्याशी नाते असलेल्या सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागली. मराठा सरदाराची मुलगी आणि कैरान्याचा मुसलमान गवई. दोघांची मने जुळली. त्या काळात आणि त्या घरात या गोष्टीला वाट मिळणे शक्यच नव्हते. १८९८ च्या सुमारास दोघांनी बडोदे सोडले. नोकरी, दरबार, इज्जत, सगळे मागे टाकून ती मुंबईला आणि पुढे मिरजेला आली.

ही प्रेमकथा म्हणून सांगितली की फार गोड वाटते. पण चरित्रकाराला आणखी एका बाईकडे पाहावे लागते. अब्दुल करीम यांचे लग्न त्याआधी झालेले होते. गफूरन बीबी ही त्यांच्या नात्यातलीच मुलगी. किराणा घराण्याचे दुसरे मोठे गवई अब्दुल वहीद खाँ यांची ती बहीण. ती मागे राहिली ती राहिलीच. दोन थोर गवयांमध्ये जे अंतर पडले त्याचे मूळ इथे आहे. संगीताच्या इतिहासात गफूरन बीबीच्या वाट्याला एखादी ओळ येते. तिचे आयुष्य मात्र एका ओळीचे नव्हते.

इथून अब्दुल करीम खाँ यांच्या आयुष्याची एक रीत दिसू लागते. ते जिथे जात तिथे जीव लावत, आणि मग काहीतरी तुटे. कैराना सुटले, पहिला संसार सुटला, दरबार सुटला. बाहेरचे जग असे हातातून निसटत असताना एक गोष्ट तेवढी जागची हलत नव्हती, तंबोऱ्याचा षड्ज. तो दिल्लीत तोच, बडोद्यात तोच, मिरजेत तोच. ज्याला घर टिकवता येत नाही अशा माणसाने सुरात घर बांधले, असे मला त्यांच्या गाण्याबद्दल वाटत आले आहे.

मिरज

आपल्याकडून मिरजेला जायचे तर पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, मग वाई, सातारा, कराड असा रस्ता आहे. त्या वाटेने गेले की बोली बदलत जाते, आणि मिरजेला पोचेपर्यंत मराठीत कानडी हेल मिसळलेला ऐकू येतो. खाँसाहेबांना हेच गाव मानवले याचे नवल वाटत नाही. एका बाजूला महाराष्ट्राचे गाणे, दुसऱ्या बाजूला कर्नाटकाचे, आणि गावात तंबोरे-सतारी घडवणारे कारागीर. स्वतः वाद्ये दुरुस्त करण्यात रमणाऱ्या माणसाला आणखी काय हवे?

मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा आहे. गावात अशी हकीकत सांगतात की प्लेगच्या साथीत खाँसाहेब आजारी पडले, जगण्याची आशा राहिली नाही, तेव्हा ते दर्ग्यात जाऊन गायले आणि बरे झाले. कथेतला चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. तिच्यात माणसाचे मन मात्र दिसते. जीव धोक्यात आल्यावर या माणसाने जे देऊ केले ते गाणे होते. दुवा आणि सूर त्याच्यासाठी वेगळे उरले नव्हते. दर्ग्याच्या उरुसात हजेरी लावून गाण्याचा शिरस्ता त्यांनी पाळला आणि तो त्यांच्यानंतरही चालू राहिला. आजही उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ तिथे मैफली होतात. गाणाऱ्यांत आणि ऐकणाऱ्यांत कोण कोणत्या धर्माचा, हे तिथे कुणी विचारत नाही.

मिरजेच्या मुक्कामात त्यांचे गाणेही बदलले. जवळच कुरुंदवाडला ग्वाल्हेरचे रहिमत खाँ राहत. सर्कसवाले विष्णुपंत छत्रे यांनी त्यांचा सांभाळ केला होता. रहिमत खाँ यांच्या गाण्यातली आर्तता अब्दुल करीम यांना भिडली. १९०४-०५ च्या आसपास त्यांच्या ज्या ध्वनिमुद्रिका निघाल्या त्यांत तरुण गळ्याची तयारी आणि वेग आहे. तीस वर्षांनंतरच्या ध्वनिमुद्रिकांत तोच माणूस एकेका स्वरावर थांबतो, त्याला कुरवाळतो आणि मग पुढच्या स्वराकडे असा जातो की कुठून कुठे गेला ते कळू नये. आवाज बारीक, उंच आणि किंचित ओढलेला. ताकद दाखवण्याची इच्छा त्यात उरलेली नाही. लयीच्या करामतींत त्यांना रस नव्हता आणि टीकाकारांनी त्याबद्दल त्यांना बोलही लावला. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही.

उर्दूत सब्र हा शब्द आहे. त्याचे मराठी आपण धीर किंवा संयम असे करतो, पण त्यात टिकून राहण्याचाही अर्थ आहे. भूक लागली म्हणून उठायचे नाही, तहान लागली म्हणून सोडायचे नाही, मगरिबपर्यंत थांबायचे. किराणा गायकीतला विलंबित आलाप ऐकताना मला हा शब्द आठवतो. पुढचा स्वर समोर आहे, श्रोता त्याची वाट पाहतो आहे, गाणाऱ्यालाही तो हवा आहे, आणि तरीही तो थांबतो. माणसांच्या बाबतीत जो सब्र त्यांना नेहमी साधला नाही, तो स्वरांच्या बाबतीत त्यांना पुरेपूर साधला.

शिकवण्याचे वेड

खाँसाहेबांना शिकवण्याचे जबरदस्त वेड होते. उस्तादांनी विद्या घराबाहेर जाऊ द्यायची नाही, हा तेव्हाचा रिवाज. त्यांनी तो मोडला. १९१३ साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले आणि पुढे मुंबईतही शाखा उघडली. मुसलमान उस्तादाने शाळेला आर्य हे नाव द्यावे, तिथे बहुसंख्य हिंदू मुलांनी राहून शिकावे, आणि खर्चासाठी उस्तादाने स्वतः गावोगाव तिकिटाचे जलसे करावेत, असा तो कारभार होता. ताराबाई ही शाळा चालवण्यात त्यांच्या बरोबरीने राबत. घरची मुलेही जलशांत गात.

कुंदगोळचे रामभाऊ त्यांचे पट्टशिष्य. ते पुढे सवाई गंधर्व म्हणून गाजले आणि त्यांच्याकडे गंगुबाई हनगल, भीमसेन जोशी शिकले. केसरबाई केरकरांनी सुरुवातीच्या काळात काही महिने त्यांच्याकडे तालीम घेतली. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी आणि बहिरेबुवा हेही त्यांचेच शिष्य. कपिलेश्वरीबुवांनी पुढे गुरूचे मोठे चरित्र मराठीत लिहिले. अखेरच्या वर्षांत रोशन आरा बेगम त्यांच्याकडे शिकल्या. फाळणीनंतर त्या पाकिस्तानात गेल्या आणि तिथे सर्वांत मानाच्या गायिका ठरल्या. आज सीमेच्या दोन्ही बाजूंना जे किराण्याचे गाणे ऐकू येते, त्यातला बराच भाग या एका माणसाच्या हातून गेलेला आहे.

शिकवण्याच्या या ओढीला सीमा नव्हती. त्यांनी आपल्या टिपू नावाच्या कुत्र्यालाही सूर लावायला शिकवले आणि त्याचा जाहीर प्रयोग मुंबईत करून दाखवला. लोक हसले असतील, आपणही हसतो. पण ज्याला गळा आहे त्याला सूर का लागू नये, हा प्रश्न त्यांच्यासाठी खरोखरीचा होता.

हीच जिज्ञासा त्यांना शास्त्राकडे घेऊन गेली. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल हे बावीस श्रुतींचे गणित मांडत होते. त्यासाठी अचूक गळा हवा होता. अब्दुल करीम खाँ गायचे आणि देवल तारेच्या लांबीवरून त्या स्वराची जागा मोजायचे. इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स हेही या कामात होते. मोठमोठे उस्ताद आपल्या विद्येची अशी मोजदाद करू द्यायला नाखूश असत. खाँसाहेब मात्र आपला स्वर तारेशी ताडून पाहायला तयार झाले. दक्षिणेकडेही ते असेच मोकळ्या मनाने गेले. म्हैसूरच्या दरबारात त्यांना मान मिळाला. तिकडच्या विद्वानांचे गाणे-वाजवणे त्यांनी कान देऊन ऐकले, कर्नाटक पद्धतीच्या सरगमचा ढंग उचलला आणि त्यागराजांची एक कृती ध्वनिमुद्रितही केली. उत्तरेच्या गवयाने हे करणे त्या काळात विरळ होते.

या सगळ्यातून एक चित्र तयार होते. परक्याच्या मुलाला, परक्या प्रांताला, परक्या शास्त्राला हा माणूस सहज आपलेसे करत होता. घरातल्यांच्या बाबतीत तसे झाले का?

१९२२

१९२२ साली ताराबाई पाचही मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. चोवीस-पंचवीस वर्षांचा संसार तिथे थांबला. शाळेची धावपळ, पैशाची चणचण, घरातली शिस्त यांवर बोट ठेवून लोकांनी त्याचा खूप काथ्याकूट केला. नवराबायकोतल्या भांडणाचा निवाडा शंभर वर्षांनी आपण करू नये. परिणाम मात्र सगळ्यांसमोर आहे. बापाने जगाला गाणे वाटले आणि त्याची स्वतःची मुले त्याच्या तालमीपासून दुरावली.

अब्दुल रहमान हा मोठा मुलगा सुरेशबाबू माने म्हणून ओळखला जाऊ लागला. चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या. सकीना पुढे सरस्वती राणे झाल्या. कमलाबाई आणि कृष्णराव यांनीही तीच वाट धरली. माने हे आईचे आडनाव, बडोदेकर हे आईचे गाव. मुलांच्या नावांतून बाप नाहीसा झाला.

नावांच्या या बदलाकडे आज दोन्ही बाजूंनी वाकड्या नजरेने पाहणारे आहेत. कुणाला त्यात विजय दिसतो, कुणाला पराभव. सावित्रीकाठच्या आपल्या गावांत देशमुख, खोत, मुकादम ही आडनावे मंदिरात जाणाऱ्या घरांतही आहेत आणि मशिदीत जाणाऱ्या घरांतही. नावाच्या एका टोकावरून माणूस पुरता ओळखता येत नाही, हे आपल्याला निदान माहीत असायला हवे. मुलांनी आईचे बोट धरले आणि आईच्या घरची नावे घेतली, एवढाच त्याचा साधा अर्थ आहे. खाँसाहेबांनी नंतर बानूबाई लाटकर या शिष्येशी संसार मांडला. त्या सरस्वतीबाई मिरजकर या नावाने गात. एका माणसाच्या अवतीभवती नावे अशी दोन्ही दिशांनी बदलत होती आणि गाणे एकच राहत होते.

शाळा फार काळ टिकली नाही. खाँसाहेब मिरजेला स्थिरावले. त्यांच्या गाण्यातली जी व्याकुळता पुढे साऱ्या देशाने ऐकली, ती या वर्षांतली आहे. १९३० नंतरच्या दशकात ओडियन कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या. त्यातली झिंझोटीची ठुमरी आणि भैरवीतली ठुमरी घराघरांत पोचल्या. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकडीत विरह आहे, तक्रार नाही. गदगच्या एका पोराने झिंझोटीची ती तबकडी ऐकली आणि असे गाता आले पाहिजे म्हणून तो घर सोडून निघाला. तोच पुढे पंडित भीमसेन जोशी झाला.

दुःखामुळे गाणे मोठे झाले, असे म्हणण्याचा मोह इथे होतो. मी तसे म्हणणार नाही. बायकामुलांनी घर सोडलेले शेकडो लोक असतात, त्यांचे गाणे होत नाही. चाळीस वर्षांची तालीम आधीच गळ्यात होती. दुःखाने फार तर तिच्यावरचा दिमाख धुऊन नेला. आणि गाणे कितीही मोठे झाले तरी त्याने गफूरन बीबीचे किंवा आठ-नऊ वर्षांच्या सकीनाचे देणे फिटत नाही. मोठ्या कलावंतांच्या बाबतीत आपण हा हिशेब माफ करून टाकतो. पण तो आपण माफ करायचा नसतो. ज्यांचे देणे असते त्यांनी तो करायचा असतो.

वहीद खाँ यांनी जे केले

इथे या चरित्रातली सर्वांत मोठी घटना येते आणि तिचा नायक अब्दुल करीम खाँ नाहीत. अब्दुल वहीद खाँ यांना कानाने कमी ऐकू येत असे, म्हणून त्यांना बहरे वहीद खाँ म्हणत. गाण्यात ते अत्यंत कडक, रागाची एकेक बाजू तासन्‌तास उलगडणारे. यांच्याच बहिणीला अब्दुल करीम यांनी मागे सोडले होते. मन कडू ठेवायला त्यांच्याकडे पुरेसे कारण होते.

त्याच वहीद खाँ यांनी हिराबाईंना तालीम दिली. बहिणीचा संसार ज्या नात्यामुळे मोडला, त्या नात्यातून जन्मलेल्या मुलीला त्यांनी समोर बसवले आणि आपली विद्या दिली. हिराबाईंचे गाणे ज्यांनी ऐकले त्यांना त्या शिकवणुकीची किंमत माहीत आहे. प्रतिष्ठित स्त्रीने तिकीट लावून जाहीर मैफलीत गाणे ही कल्पनाच लोकांना झेपत नव्हती, तेव्हा हिराबाई रंगमंचावर बसून अदबीने गायल्या आणि पुढच्या पिढीतल्या मुलींची वाट मोकळी झाली. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. सुरेशबाबूंनी प्रभा अत्रे यांच्यासारख्या शिष्या घडवल्या. सरस्वती राणे १९४३ च्या रामराज्य या चित्रपटात गायल्या आणि ते गाणे देशभर गाजले. अब्दुल करीम यांची सकीना रामकथेच्या चित्रपटातून घराघरांत ऐकली गेली.

वहीद खाँ यांनी कोणता जाहीरनामा काढला नाही. मी माफ केले असे कुठे छापून आणले नाही. त्यांनी तंबोरा जुळवला आणि पोरीला शिकवले. मन मोठे करणे ते हेच.

शेवटचा फलाट

ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब मद्रासकडे दौऱ्यावर होते. तिथून पाँडिचेरीला जायला रात्रीच्या गाडीने निघाले. वय पासष्टच्या घरात. वाटेत छातीत दुखू लागले. शिष्यांसह ते सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनवर उतरले. ओळखीचे कुणी नाही, भाषा परकी, रात्रीची वेळ. शिष्यांनी फलाटावरच बिछाना घातला.

सोबतच्या शिष्यांकडून चालत आलेली हकीकत अशी : त्यांनी नमाज अदा केली. मग तंबोरा जुळवायला सांगितले आणि दरबारीच्या सुरांत कलमा म्हणू लागले. म्हणता म्हणता आवाज थांबला. तो दिवस होता २७ ऑक्टोबर. हिजरी पंचांगाप्रमाणे शाबान संपत आला होता आणि रमजान दहा दिवसांवर होता. त्यांचे पार्थिव मिरजेला आणून ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. उत्तरेतल्या कैरान्याचा माणूस दक्षिणेत फलाटावर गेला आणि विसावला आपल्या महाराष्ट्रात.

या मृत्यूकडे लोक भक्तिभावाने पाहतात. तसे पाहण्याजोगा तो आहेच. शेवटच्या घडीला पदके नाहीत, दरबार नाही, बायको नाही, मुले नाहीत. जवळ होता तो रबचे नाव आणि षड्ज. आयुष्यभर ज्या एका घरात तो माणूस सुखाने राहिला, तिथेच तो गेला. पण त्या फलाटावर कोण नव्हते याचाही विचार मनात येतो. पाचही मुले हयात होती आणि गात होती. हिराबाईंचे नाव तोवर महाराष्ट्रात दुमदुमत होते.

खाँसाहेबांना थोर म्हणायला मला अडचण वाटत नाही आणि त्यांच्या चुकांना चूक म्हणायलाही वाटत नाही. दोन्ही एकाच माणसात होते. मुसलमानांनी त्यांना आपला औलिया करू नये आणि हिंदूंनी त्यांना अपवाद म्हणून बाजूला काढू नये. तो आपल्यासारखाच माणूस होता, सूर तेवढा आपल्यापेक्षा फार सच्चा होता.

ज्यांना सवड असेल त्यांनी तरावीह उरकल्यावर, किंवा कामे आटोपल्यावर, त्यांची झिंझोटी शांतपणे एकदा ऐकावी. ती आज मोबाइलवरही सहज मिळते. ज्यांना गाणे नको असेल त्यांनी वहीद खाँ यांची गोष्ट तेवढी लक्षात ठेवावी. ईदला अजून थोडे दिवस आहेत. महाडच्या बाजारात कपड्यांची खरेदी सुरू होईल, पोलादपूरपासून मुंबईपर्यंत चाकरमान्यांचे फोन सुरू होतील. त्या यादीत एखादे नाव असे असते जे आपण वर्षानुवर्षे टाळत आलो आहोत. भाऊ असेल, बहीण असेल, जुना शेजारी असेल. देणे आपले असेल तर आपण आधी फोन करावा. देणे त्याचे असेल, तरीही करायला हरकत नाही.